एका पेटीचे चार वाटेकरी

किसनराव झाडे नागपूरहून कॉम्प्युटरचा वर्ग करून हिंगणघाटला परतले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर रेक्झिनची एक पिशवी होती आणि पिशवीवर वर्गाचं नाव छापलेलं होतं. ही सत्याऐंशी सालची गोष्ट. त्या दिवसापासून ज्याच्या घरी विजेवरचं जे काही बंद पडलं होतं, ते किसनरावांच्या ओसरीवर येऊन पडू लागलं. कोणी टेबलफॅन आणला, कोणी इस्त्री. एक बाई तर मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करायला आल्या.

"वर्ग कॉम्प्युटरचा व्हता, बाई," किसनराव म्हणाले.

"तेच त म्हनते मी. त्याच्यात टाकून पाहा ना पोराचं नाव."

किसनरावांनी हे सगळं गांभीर्याने सोसलं. माणसाला विद्या आली की गाव तिची परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही, आणि परीक्षेचा विषय गावच ठरवतं, हे त्यांना पन्नाशीपर्यंत कळून चुकलं होतं.

ते वणाकाठ सहकारी जिनिंग संस्थेत हेडक्लार्क होते. संस्थेचे चार विभाग. शेतकऱ्याच्या कापसाच्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, आधी काट्यावर वजन होई, मग जिनात रुई आणि सरकी वेगळी होई, सरकी गोदामात जाई, आणि या सगळ्याचा हिशेब लेखा विभागात, म्हणजे किसनरावांच्या टेबलावर, येऊन थांबे. संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि चारही विभागांनी एकच मागणी केली, "मले माहा सोतंत्र पायजे." मंजुरी होती एका मशीनची.

वार्षिक सभेत यावरून जी रणधुमाळी माजली, तिच्यात किसनराव उभे राहिले. वर्गात ऐकलेलं सगळं त्यांच्या ओठांवर ताजं होतं. ते म्हणाले, मशीनच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कारभारी नीट पाहून निवडला, तर एकाच पेटीच्या चार मशिनी होतात. पेटी ही यजमान आणि चार मशिनी तिच्या घरच्या पाहुण्या. पाहुणी डोळ्यांना दिसत नाही, पण ज्याच्यापुढे पडदा ठेवला त्याला वाटतं की अख्खी मशीन आपलीच आहे.

"दिसत नाई, पन जेवते म्हना ना," मागून कोणीतरी बोललं.

"काम करते," किसनराव म्हणाले. "एकीच्या चार होतील. हा माझा शब्द."

टाळ्या पडल्या. अध्यक्ष अण्णाजींनी तिथेच जाहीर करून टाकलं की कारभारी निवडायचं काम किसनरावांचं. अण्णाजी हा मोठा सज्जन माणूस, पण दुसऱ्याचा शब्द स्वतःच्या नावावर जाहीर करायची त्यांना भारी हौस. दोन दिवसांत हिंगणघाटच्या बाजारात बातमी झाली की जिनिंग संस्थेत चार कॉम्प्युटर येताहेत.

किसनरावांना गावाची भीती नव्हती. गाव आज हसतं, उद्या विसरतं. त्यांना भीती होती ती सभेत तिसऱ्या रांगेत बसून छताकडे पाहणाऱ्या एका माणसाची. तो काटा विभागाचा प्रमुख चंद्रभान, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वडिलोपार्जित वावराची वाटणी झाली तेव्हा किसनरावांनी असाच शब्द दिला होता. मधोमध पक्का धुरा घालू, म्हणजे आयुष्यात कधी भांडण होणार नाही, असं ते म्हणाले होते. धुरा म्हणजे दोन वावरांमधला मातीचा बांध. तो इतका पक्का घातला की किसनरावांच्या वाट्याच्या अरुंद पट्टीत बैलजोडीला वळायलाच जागा उरली नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या सालदाराने, तानबाने, बैल धुऱ्यावरून पलीकडे वळवले आणि चंद्रभानची कोवळी पराटी, म्हणजे कपाशी, तुडवली गेली. त्यावरून जे बोलणं झालं ते शेवटचं बोलणं. दोन्ही घरच्या जावा परसातून एकमेकींना भाजीची वाटी देत-घेत होत्या, पण भाऊ भावाशी बोलत नव्हता. वावरात गेले तरी धुऱ्यापलीकडे मान वळवून पाहायचं नाही, असा किसनरावांचा नियम होता. "मालक, तिकडे पाह्यलं का?" असं तानबा मध्ये एकदा म्हणाला, तर त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. पलीकडचं काही सांगायची त्याला बंदी होती.

ऑफिसात मात्र बोलल्यावाचून भागत नाही. तिथे शिपाई हरिदास होता. हरिदासचे गुडघे दुखत, तरी तो काट्याची खोली आणि ऑफिस यांच्यामधलं अंगण दिवसभर ओलांडायचा. "साहेब म्हनते, कालचे कागद पाठवा." "भाऊ म्हनते, पाठवले." दोन्ही खिडक्या समोरासमोर, साधी हाक मारली तरी ऐकू जाईल एवढं अंतर. पण हाक मारणार कोण?

तर असा हा दुसरा शब्द होता, आणि तो चंद्रभानच्या देखत खोटा पडू द्यायचा नाही म्हणून किसनराव झोप घालवून बसले होते.

सल्ले फुकट मिळत होते. शेजारचे नत्थूजी मूळचे सिंदीचे, रेल्वेत स्टेशनमास्तरकी करून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला रुळावर आणून उभं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"चार जन अन् मशीन एक? हे त एकेरी लाइन झाली," ते म्हणाले. "एकेरी लाइनवर टोकन लागते, किसनराव, लोखंडाचा गोळा. ज्याच्या हाती गोळा, त्याची गाडी. अन् थो गोळा मशिनीतून असा निंगत नाई. अलीकडच्या मास्तरनं अन् पलीकडच्या मास्तरनं, दोघाइनं संगं कळ दाबली तवाच निंगते. एकट्याच्या बापाच्यानं निंगत नाई."

"इथे गाड्या नाहीत हो, नत्थूजी."

"गाड्या नसन. मास्तर त हाय ना?"

किसनरावांनी हा सल्ला इतर सल्ल्यांबरोबर बाजूला ठेवला.

नागपूरहून ताराचंद नावाचा विक्रेता जीपमध्ये पेटी, चार पडदे आणि तीन कारभारी घेऊन आला. एक पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डब्यात, एक निळ्या डब्यात, तिसरा डब्याविनाच, फ्लॉप्यांचा नुसता रबरात बांधलेला गठ्ठा. त्यांची नावं इंग्रजी आणि अवघड होती, म्हणून संचालक मंडळाने पांढरा, निळा आणि उघडा अशीच नावं ठेवली. ताराचंदने माहितीचे रंगीत कागद वाटले. अण्णाजींनी ते न वाचता घडी करून खिशात टाकले.

"कागद राहू द्या," ते म्हणाले. "बैल घेतांनी आमी काय त्याचं सर्टिफिकेट वाचतो? जुंपून दाखवा."

ताराचंदने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण कारभारी जुंपून दाखवा म्हणणारं मंडळ त्याला पहिल्यांदाच भेटलं. एका जुन्या संचालकांनी पेटीचं झाकण काढायला लावून आत टॉर्च मारला. दात पाहायची सवय जात नाही. आत काय दिसलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण पेटी तरुण आहे असं मत दिलं.

पांढरा जुंपला. तो एका वेळी एकाचंच ऐके. चंद्रभानच्या कारकुनाने कळ दाबली की बाकीचे तिघे रिकाम्या पडद्याकडे पाहत बसायचे. तो तिथेच बाद झाला.

निळा मात्र चांगला चालला. ज्याला लागेल त्याला मिळे, ज्याचं काम थांबलं त्याचं दुसऱ्याकडे जाई. किसनरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. एवढ्यात जिनवाल्यांनी अख्ख्या हंगामाची यादी छापायला लावली आणि बाकीच्या तीन पडद्यांवरची अक्षरं रांगायला लागली.

"जिनवाल्यानं पानी पळवलं!" सरकीवाले ओरडले.

मंडळात एकही माणूस असा नव्हता, ज्याच्या घरी सामाईक विहिरीवरून डोकी फुटली नव्हती. पाळी मोकळी ठेवली की दांडगा पाणी नेतो आणि गरीब कोरडा राहतो, हे त्यांनी बापाच्या मांडीवर बसून पाहिलेलं होतं.

"अहो, थोडा थांबावं लागते, बस," ताराचंद नागपुरी वळणाने समजावत होता. "सब को मिलता है. ह्याच्यात कोणी उपाशी नाही राहत."

"थांबनारा नेहमी एकच रायते, भाऊ," अण्णाजी म्हणाले. "उघडा दाखवा."

उघड्याची तऱ्हा वेगळी होती. तो सुरुवातीलाच पेटीचे चार सारखे वाटे पाडी आणि मध्ये भिंती घाली. एकाचं दुसऱ्याकडे जात नसे, मरत असला तरी. नमुन्याची चार नावं घालून पाहिली, चारही पडदे झकास चालले. किसनरावांच्या मनात काहीतरी जागेवर बसलं. पक्का धुरा. वावरात जे साधलं नाही, ते इथे साधून दाखवता येईल. चंद्रभान बघेल की आपलं तत्त्व चुकीचं नव्हतं, तेव्हा जमीनच अरुंद होती.

"साहब, हिस्सा छोटा पडेल," ताराचंदने हळूच सांगितलं. "निळा घ्या. माझं ऐका."

"छोटा असो," किसनराव म्हणाले. "पक्का असला म्हणजे झालं."

घरी बायकोला, आनंदाबाईंना, त्यांनी हे तत्त्व जेवताना समजावून सांगितलं. धुरा पक्का असला की भांडणाला जागा उरत नाही. आनंदाबाईंनी भाकरी वाढली.

"आपला धुरा पक्काच व्हता न?" त्या म्हणाल्या. "मंग?"

किसनराव त्या रात्री ताटावरून लवकर उठले.

वाटे सारखे होते, तरी कोणता कोणाचा यावरून एक अख्खी दुपार गेली. ताराचंदने कागदावर चार चौकोन ओळीने काढून दाखवले आणि चौघांनीही मधले दोन नाकारले. मधल्या वावराला दोन्हीकडून खेटणारे शेजारी, कडेच्याला एकच, ही गोष्ट काही कागदावर काढली म्हणून बदलत नाही. शेवटी रीतीप्रमाणे ठरलं. वाटे थोरल्याने पाडायचे, उचलायचे धाकट्यापासून. वयाने सर्वांत धाकटा चंद्रभान. त्याने कडेचा वाटा उचलला. जिनवाल्यांनी दुसऱ्या कडेचा, सरकीवाल्यांनी त्याच्या शेजारचा. किसनराव सर्वांत मोठे, त्यांच्यासाठी जो उरला तो नेमका चंद्रभानला लागून. किसनरावांनी चौकोनांमधल्या त्या रेघेकडे पाहिलं आणि कागदाची घडी केली.

त्यानंतर वर्ध्याहून तपासणीचे एक साहेब आले. नियम असा की संस्थेच्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असावा.

"खरेदी एक दिसते, वापरात चार दिसतात," साहेब म्हणाले. "उरलेल्या तीन मशिनी दाखवा."

"त्या नाहीत, साहेब. आहेत असं वाटतं."

"कोणाला वाटतं?"

"वापरणाऱ्याला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नसलेल्या वस्तूवर नंबर कुठे घालायचा यावर दोघांची बराच वेळ गंभीर चर्चा झाली. तोडगा साहेबांनीच काढला. ज्या खुर्चीवर बसल्यावर मशीन असल्यासारखं वाटतं, त्या खुर्चीवर नंबर घालावा. हरिदासने रंगाचा डबा आणला, आणि किसनराव पुढचे दोन दिवस पँटीच्या मागे पांढरा ठसा घेऊन ऑफिसात वावरले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर हंगामाचा मुहूर्त ठरला. त्या दिवसापासून काट्याची पावती मशीनवरच निघणार, अशी घोषणा अण्णाजींनी करून टाकली आणि उत्साहाच्या भरात जुनी पावतीबुकं वर्ध्याला जमाही करून टाकली. सकाळी फाटकापासून नागपूर रोडपर्यंत कापसाच्या बंड्या लागल्या. मशीनला हळदकुंकू झालं, हार घातला, नारळ फुटला. जिनचा पडदा चालू झाला. सरकीचा झाला. लेख्याचाही झाला. काट्याच्या खोलीत चंद्रभानने सभासदांची यादी भरायला घेतली. सभासद म्हणजे तालुक्यातली झाडून सारी शेतकरी मंडळी. यादी अर्ध्यावर आली आणि पडद्याने इंग्रजीत कळवलं की जागा संपली.

यादी पुरती भरल्याशिवाय पावती निघेना. पावतीशिवाय बंडी हलेना. ऊन चढलं. बैल माना टाकू लागले आणि माणसं माना वर करू लागली.

"काऊन थांबवलं, बाप्पा?" बंड्यांवरून आवाज येऊ लागले. "चार चार मशिनी आनल्या न तुमी?"

अण्णाजी घाम पुसत किसनरावांकडे आले. "तुमी शब्द देलता, किसनराव," एवढंच म्हणाले.

किसनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या खिडकीत चंद्रभान खाली मान घालून बसला होता. त्याने वर पाहिलं असतं, दात काढले असते, तरी चाललं असतं. तो वर पाहत नव्हता, आणि तेच किसनरावांना सोसत नव्हतं. पट्टी इतकी अरुंद पाडायची की बैलाला वळता येऊ नये, आणि वर म्हणायचं की धुरा पक्का आहे. एकाच माणसाने एकच चूक दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा त्याच भावाच्या वाट्याला लागून.

"भिंत काढता येते का?" त्यांनी मुहूर्ताला आलेल्या ताराचंदला विचारलं.

"सगळ्या नाही येत. लागून असलेले दोन वाटे एक करता येतात. काट्याला लागून कोण आहे?"

"मी."

"मग तुमची मशीन जाईल, साहब. पूरी. शिवाय दोघांनी आपापल्या पडद्यावर कळ एकदम दाबावी लागते. जराही मागेपुढे झालं तर नाही चालत."

सभेत जाहीर झालेल्या चार मशिनींच्या तीन होणार होत्या, आणि जाणारी मशीन शब्द देणाऱ्याचीच होती. किसनरावांनी क्षणभर पडद्यावरच्या हाराकडे पाहिलं. मग हरिदासला बोलावलं.

"त्यांना सांग, मी दाब म्हटलं की दाबा."

हरिदास गुडघे धरत अंगण ओलांडून गेला. "साहेब म्हनते, दाब म्हनलं का दाबा." चंद्रभानने मान हलवली. हरिदास परत आला. "म्हनते, हो." किसनराव म्हणाले, "दाब." आणि त्यांनी कळ दाबली. हरिदास निघाला. तो पलीकडे पोचून "दाबा" म्हणेपर्यंत पडद्याने नकार कळवलेला होता. दुसऱ्यांदा चंद्रभानने निरोप पाठवला की आता मी सांगतो तेव्हा दाबा, आणि तो निरोप घेऊन हरिदास अंगणाच्या मधोमध असतानाच त्याने दाबून टाकलं. पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला हरिदास अंगणातच खाली बसला.

"मले नाई जमत, साहेब," तो म्हणाला. "तुमचं तुमी पाहा."

बंड्यांवरची माणसं आता फाटकाच्या आत आली होती. त्यांच्यात नत्थूजीही होते. ते कशासाठी आले होते कोण जाणे, पण काही घडत असलं की नत्थूजी असतच.

"अबे, टोकन दोघाइनं दाबल्याबिगर निंगत नाई!" ते ओरडले. "मी कवाचं सांगून राह्यलो!"

चंद्रभान खुर्चीवरून उठला. काट्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. सगळं अंगण त्याच्याकडे वळलं, कारण त्या अंगणातल्या प्रत्येकाला या दोघांची हकिगत ठाऊक होती.

"दादा," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "दादा! मी आतून तीन मोजतो. तिनावर दाबजो."

किसनराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खिडकीतून हात वर केला. मग लक्षात आलं की हात पुरेसा नाही.

"मोज," ते म्हणाले.

"एक... दोन... तीन!"

लेखा विभागाचा पडदा काळा झाला. काट्याची यादी पुढे सरकली. थोड्या वेळाने पहिली पावती निघाली आणि पहिली बंडी हलली.

"अन् आता मशिनी किती झाल्या, अण्णाजी?" गर्दीतल्या कोणीतरी विचारलंच. अण्णाजी घसा खाकरू लागले.

"तीन," किसनरावांनी खिडकीतून सांगितलं. "माझी मी देली." एवढं बोलून त्यांनी नंबर घातलेली खुर्ची पुढे ओढली, टाक शाईत बुडवला आणि हिशेबाला बसले. शब्द खोटा पडला होता आणि त्यांना विशेष काही वाटत नव्हतं, याचंच त्यांना दिवसभर नवल वाटत राहिलं.

संध्याकाळी ते सायकल घेऊन फाटकाबाहेर पडले, तर चंद्रभान सायकल धरून उभा होता. दोघं चालू लागले. इतक्या दिवसांचं साचलेलं असलं की कुठून सुरुवात करायची कळत नाही.

"हरभऱ्याले वखर देनार हायेस न उद्या?" चंद्रभानने विचारलं.

"हो. तानबा जाईल."

"बैल कुठी वळवते थो?"

"वळवत नाही. जोडी सोडतो, हातानं फिरवतो, पुन्हा जुंपतो."

चंद्रभान म्हणाला, "माह्या बाजूनं वळवत जा म्हना."

"तुझी पराटी तुडवली जाईल."

"तिथं पराटी नाई, दादा. धुऱ्याले लागून दोन ओळी म्या औंदा पेरल्याच नाई. पावसाच्या आधीपासून मोकळ्या ठेवल्या हाय, तुह्या बैलासाठी. तू पाह्यलंच नाई कवा तिकडे."